मोटर भरायला टाकण्याआधी विचारा : ती जळली कशानं?

रब्बीचं पाणी सुरू झालं की तालुक्याच्या गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानांपुढं मोटरींची रांग लागते. एखादी पिकअपमधून येते, एखादी मोटरसायकलला आडवी बांधून. दुकानदार चिठ्ठी लावतो, नंबर टाकतो आणि "परवा या" म्हणतो. परवाचा तेरवा होतो. तोवर इकडं कांद्याची पात पिवळी पडायला लागते, गहू ओंबीवर आलेला असतो आणि उसाच्या सरीला भेगा पडतात.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत शासन भरतंय. ही योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. बिलाचा भार उतरला हे खरं. पण विहिरीवरचा खर्च काही कमी झालेला नाही. मोटर काढणं, भरणं, सोडणं, केबल, स्टार्टर, बुश, बेअरिंग, सगळ्याचे दर वर गेलेत. मोटर भरायला तांबं लागतं, आणि तांब्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांबं टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेलं होतं. त्याआधी १८ जुलै २०२२ पासून पाण्याच्या पंपांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे नवी घ्या नाहीतर जुनी भरा, खिशाला चाट आहेच.

तांब्याचा भाव काही आपल्या हातात नाही. पण मोटर कितीदा जळते, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. आपण दुकानात गेलो की पहिला प्रश्न विचारतो, "किती घेणार?" दुसरा, "कधी देणार?" तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : "जळली कशानं?" तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण तेच राहिलं तर भरून आणलेली मोटरही त्याच वाटेनं जाणार.

एकदा मोटर जळली की खरा खर्च किती?

भरायची मजुरी म्हणजे खर्च, असं आपण धरतो. पण हिशोब नीट मांडून बघा. दर गावागणिक वेगळे आहेत, म्हणून खालचे आकडे नुसते समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही टाका.

समजा, चेनपुली आणि माणसं लावून मोटर काढायला आणि परत सोडायला २,००० रुपये गेले. ने-आण ५००. भरायचे ६,०००. बुश-बेअरिंगचे १,५००. झाले १०,०००. यात बुडालेली पाण्याची पाळी धरलेली नाही. आठ-दहा दिवस पाणी चुकलं तर पिकाला बसलेला फटका कोणत्याच पावतीवर येत नाही, पण तो बहुतेक वेळा भरायच्या मजुरीपेक्षा मोठा असतो. दोन वर्षांत तीनदा मोटर जळली तर ३०,००० रुपये असेच गेले.

आता दुसरी बाजू बघा. मोटर वाचवणारी बहुतेक साधनं एका भराईच्या खर्चात, काही तर त्याहून कमी पैशात बसतात. ती कोणती, हे पुढं सांगतो. आधी मोटर जळते म्हणजे नेमकं काय होतं ते बघू.

मोटर जळते म्हणजे तिचं लेप जळतं

मोटरीच्या आतली तांब्याची तार उघडी नसते. साध्या मोटरीत तारेवर वार्निशचा थर असतो, पाण्यातल्या सबमर्सिबलमध्ये प्लास्टिकचं आवरण असतं. हे आवरण गरमीनं खराब होतं. मग दोन तारा एकमेकींना चिकटतात, शॉर्ट होतात आणि मोटर गेली.

इलेक्ट्रिकच्या कामातला एक जुना ठोकताळा आहे : मोटर जेवढ्या गरमीसाठी बनवलीय त्याच्यावर दर १० अंश गेली की आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून बऱ्याचदा मोटर ज्या दिवशी जळते त्या दिवशी ती एकदम जळलेली नसते. महिना-दोन महिने ती आतून भाजतच असते. त्या दिवशी फक्त शेवट होतो.

गरमी वाढते कशानं? तर अँपिअर वाढल्यानं. आणि इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : अँपिअर दुप्पट झाले तर गरमी दुप्पट होत नाही, चौपट होते.

पहिलं कारण : कमी व्होल्टेज

व्होल्टेज कमी झालं की मोटर वीज कमी घेते, असं पुष्कळ जणांना वाटतं. होतं उलटं. पाणी तेवढंच वर ओढायचं असतं, जोर तेवढाच लागतो. व्होल्टेजनं साथ सोडली की मोटर अँपिअर वाढवून ती कसर भरून काढते.

थ्री फेजला दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट धरतात. नियमानं त्यात साधारण ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे खाली ३९० पर्यंत. आपल्याकडं लाइनच्या शेवटच्या डीपीवर संध्याकाळी मीटरचा काटा ३२० वर थरथरताना बघितलेला शेतकरी विरळा नाही. ४१५ चे ३२० झाले तर ९ अँपिअर घेणारी पाच एचपीची मोटर ११ ते १२ अँपिअर घ्यायला लागते. अँपिअर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढले, पण गरमी जवळजवळ पावणेदोन पट झाली. अशी मोटर रात्रभर चालली तर आतमध्ये काय होत असेल, ते समजून घ्या.

यात आपलाही एक हातभार असतो, तो म्हणजे बारीक केबल. विहीर डीपीपासून ३०० मीटर लांब आहे आणि ९ अँपिअरची मोटर तांब्याच्या अडीच चौरस मिलिमीटर केबलवर चालवली, तर नुसत्या केबलमध्ये सुमारे ३५ व्होल्ट खर्ची पडतात. तीच केबल सहा चौरस मिलिमीटरची असेल तर १४ व्होल्टच्या आसपास. ॲल्युमिनियमची असेल तर त्याच जाडीत आणखी जास्त जातात. केबल घेताना वाचवलेले पैसे पुढं रिवाइंडिंगच्या दुकानात मोजावे लागतात.

दुसरं कारण : एक फेज जाणं

डीपीवरचा एक फ्यूज उडाला, जंपर सुटला किंवा स्टार्टरचा एक पॉइंट काळा पडून चिकटेनासा झाला की मोटरीला तीनऐवजी दोनच फेज मिळतात. मोटर चालू असताना असं झालं तर ती लगेच थांबत नाही. गुरगुरत चालत राहते आणि उरलेल्या दोन तारांमधून साधारण पावणेदोन पट अँपिअर ओढते. गरमी तिप्पट. बंद मोटर दोन फेजवर चालू करायला गेलं तर ती फिरतच नाही, नुसती हूं हूं करते आणि काही मिनिटांत जळते.

तीन फेजमध्ये व्होल्टेज कमी-जास्त असणं हा याच आजाराचा धाकटा भाऊ. समजा मीटरवर ४००, ३९० आणि ३६० दिसतंय. सरासरी ३८३ आली. सगळ्यात लांबचा आकडा ३६०, म्हणजे सरासरीपेक्षा २३ नं कमी. हा फरक ६ टक्के झाला. एवढ्या फरकावर मोटर चालवू नये. ५ टक्के ही वरची हद्द समजतात. व्होल्टेजमधला फरक थोडा दिसला तरी अँपिअरमधला फरक त्याच्या कितीतरी पट असतो.

आणि दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालवायची जी पद्धत आपल्याकडं पडलीय, ती तर मोटरीला मुद्दाम भाजणं आहे. पाणी निघतं, हे खरं. पण तिसऱ्या फेजची नक्कल कंडेन्सरला नीट जमत नाही. अँपिअर तिन्ही तारांत वेगवेगळे होतात आणि एक बाजू तापत राहते. वर सिंगल फेजच्या लाइनवर भार येऊन वस्तीवरचे दिवे मिणमिणतात, ते वेगळंच.

तिसरं कारण : कोरडी चालणं

सबमर्सिबल मोटरीला थंड ठेवतं ते तिच्या भोवतीचं पाणी. मार्च-एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं, मोटर हवा ओढायला लागली की तिचं थंड होणं थांबतं. बुश आणि खालचा थ्रस्ट पाण्यावरच सरकतात, तेही घासून जातात. पंपातले प्लास्टिकचे इंपेलर तर गरमीनं वाकडे होतात.

इथं एक फसगत होते. कोरड्या चालणाऱ्या मोटरीचे अँपिअर वाढत नाहीत, उलट कमी होतात, कारण पाण्याचं ओझंच नसतं. त्यामुळं साधा ओव्हरलोड रिले तिला बंद करत नाही. मीटरकडं बघणारा म्हणतो, "लोड कमीय, चालू दे." म्हणून अँपिअर वाढणं जसं वाईट, तसं नेहमीपेक्षा एकदम कमी होणंही वाईट. पाइपातून पाणी आचके देत यायला लागलं की मोटर बंद करायची.

जळालेली मोटर स्वतःच सांगते

दुकानात मोटर उघडताना आपण हजर राहायचं. "साहेब, उघडताना मला बोलवा," एवढं सांगून ठेवलं तरी चांगला कारागीर बोलावतो. फोटो काढून ठेवा. बघायचं काय?

सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्यात : मोटर बराच काळ जास्त लोडवर किंवा कमी व्होल्टेजवर चालली. केबल, डीपीवरचा भार आणि रिलेचं सेटिंग तपासायचं.

काही कॉइल काळ्या आणि काही अगदी कोऱ्या, तेही ठरावीक अंतरानं : एक फेज गेला होता. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल जळतात आणि एकीची वाचते. डेल्टा जोडणीत एकीची जळते, दोन वाचतात. स्टार्टरचे पॉइंट आणि फ्यूज आधी बघायचे.

एकाच जागी भोक पडलंय, बाकी सगळं चांगलं : आवरण त्या जागी फाटलं होतं, आत पाण्याची गळती झाली किंवा वीज पडून दाब आला. अर्थिंग आणि केबलचा जॉइंट तपासायचा.

बुश, थ्रस्ट घासलेले आणि इंपेलर वाकडे : मोटर कोरडी चालली किंवा वाळू खाल्ली. पाण्याची पातळी आणि मोटरीची खोली बघायची.

हे चार प्रकार ओळखता आले की पुढचा खर्च कुठं करायचा ते कळतं. एक फेज गेल्यानं जळालेल्या मोटरीला जाड केबल टाकून उपयोग नाही, आणि कमी व्होल्टेजनं जळालेलीला नुसता नवा स्टार्टर बसवून उपयोग नाही.

स्टार्टरमधला राखणदार आपणच बांधून ठेवतो

प्रत्येक स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. अँपिअर वाढले की मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. पण तो सारखा ट्रिप मारतो म्हणून आपण त्याचा काटा वाढवून ठेवतो. काही ठिकाणी तर बटनात काडी खुपसलेली दिसते. म्हणजे चोर आला म्हणून कुत्रं भुंकतंय, आणि आपण कुत्र्याचंच तोंड बांधतोय.

रिलेचा काटा मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायचा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर बऱ्याच वेळा रिले आतल्या जोडणीत असतो आणि त्याचा आकडा कमी ठेवावा लागतो. तो वायरिंगवाल्याकडून लावून घ्या. त्याशिवाय तीन गोष्टी असाव्यात :

एक, सिंगल फेज प्रिव्हेंटर. एक फेज गेला किंवा फेजमध्ये जास्त फरक पडला की तो मोटर तोडतो. दोन, ड्राय रन प्रिव्हेंटर. पाणी संपून अँपिअर पडले की मोटर बंद करतो. तीन, चालू स्थितीतलं व्होल्ट मीटर आणि अँपिअर मीटर. बंद पडलेलं मीटर म्हणजे नुसती शोभा. आता एकाच पॅनेलमध्ये हे सगळं मिळतं, कमी-जास्त व्होल्टेजची कटऑफ धरून. घेताना एवढंच बघा की त्यातलं सेटिंग तुम्हाला समजावून दिलंय आणि नंतर कुणी ते बायपास करून ठेवलेलं नाही.

ऑटो आणि डीपीचं गणित

आता सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, ऑटो स्विच. वीज कंपनी वर्षानुवर्षं सांगतेय की ऑटो काढा, कपॅसिटर लावा. आपण काढत नाही. आळस म्हणून नाही. शेतीची थ्री फेज लाइन पाळीनं येते, काही दिवस रात्रीची. रात्री दीडला लाइट आली तर उठून रानात जायचं कुणी? नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडं उसाच्या फडात बिबट्या आहे, बांधावर साप-विंचू आहेत. म्हणून ऑटो लागतो.

पण त्याचं गणित समजून घ्या. ६३ केव्हीएची डीपी एका वेळी सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. पाच एचपीची मोटर ९ अँपिअर घेते असं धरलं तर नऊ मोटरी झाल्या की डीपी भरली. १०० केव्हीएची डीपी सुमारे १३३ अँपिअर देते, त्यावर चौदा. आता मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद ती नेहमीच्या पाच ते सात पट अँपिअर ओढते. नऊच्या नऊ मोटरी ऑटोवर असतील आणि लाइट येताच एकदम सुरू झाल्या तर ८४ च्या डीपीवर पाचशेच्या आसपास अँपिअरचा झटका. व्होल्टेज खाली बसतं, कुणाचीच मोटर नीट उचलत नाही, सगळ्या गुरगुरत तापतात आणि फ्यूज उडतो. एक फ्यूज उडाला की बाकीच्या मोटरी दोन फेजवर. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, डीपीच उडते.

यावर तोडगा आहे आणि तो फुकटात जमतो. बहुतेक ऑटो पॅनेलमध्ये उशिरा सुरू करायचा टायमर असतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा पारावर बसून नंबर ठरवायचे. पहिल्याची मोटर लाइट आल्यावर एक मिनिटानं, दुसऱ्याची दीड मिनिटानं, तिसऱ्याची दोन मिनिटांनी. अशा नऊ मोटरी पाच-सहा मिनिटांत एकेक करून सुरू होतात. पाच मिनिटं उशिरानं कुणाचं पीक वाळत नाही. टायमर नसलेला साधा ऑटो असेल तर तो मात्र बदलूनच टाका.

मंजूर लोडचंही तसंच. कागदावर तीन एचपी आणि विहिरीत पाच किंवा साडेसात, असं निम्म्या डीपीवर असतं. वीज कंपनी डीपीची क्षमता ठरवते ती कागदावरच्या लोडनं. खरा लोड कळवला नाही तर जादा डीपीची मागणी करायला आपल्याकडं आधारच राहत नाही. बिल माफीची हद्द साडेसात एचपीपर्यंत आहे. त्यामुळं त्या आत खरा लोड दाखवायला घाबरायचं कारण नाही. फक्त लोडवाढीचे पैसे आणि कागद काय लागतात ते आधी उपविभागात विचारून घ्या.

कपॅसिटर कशासाठी?

कपॅसिटर मोटरीच्या आतले अँपिअर कमी करत नाही. तो कमी करतो ते डीपीपासून मोटरीपर्यंतच्या तारेतले अँपिअर. तारेतले अँपिअर घटले की तारेत खर्ची पडणारं व्होल्टेज वाचतं, डीपीवरचा भार हलका होतो. म्हणून एकट्यानं लावला तर फरक थोडा दिसतो, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर चांगला दिसतो.

माप असं : तीन एचपीला १ केव्हीएआर, पाच एचपीला २, साडेसात एचपीला ३. मापापेक्षा मोठा लावू नका. तो स्टार्टरच्या पुढं, मोटरीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनपासून सुटतो. बंद केल्यावरही त्यात काही वेळ करंट राहतो, त्यामुळं लगेच हात लावायचा नाही. फुगलेला किंवा गळणारा कपॅसिटर काढून टाकायचा.

भरायला टाकताना आणि आणताना

दुकानात मोटर देताना पावती घ्या आणि तिच्यावर चार गोष्टी लिहून घ्या : तार तांब्याचीच, जुन्याच गेजची, जुन्या इतक्याच वेढ्यांची, आणि जुनं तांबं कुणाचं. जुन्या तांब्यालाही आता चांगला भाव आहे. ते दुकानदार ठेवणार असेल तर मजुरीत वजा झालं पाहिजे. जुन्या कॉइल काढायला मोटर आगीत टाकत असतील तर नको म्हणा. त्या आगीनं आतल्या लोखंडी पट्ट्यांमधलं आवरण जातं आणि भरलेली मोटर पहिल्यापेक्षा जास्त तापते.

आणताना मेगर लावून दाखवायला सांगा. हे मीटर आवरण किती पक्कं आहे ते सांगतं. आकडा एक मेगा ओमच्या आत असेल तर मोटर घ्यायची नाही. नवीन भरलेली याच्या कितीतरी वर दाखवायला हवी. पाण्याच्या मोटरीत सोडण्याआधी स्वच्छ पाणी भरलंय का, हवा निघालीय का ते बघा. केबलचा जॉइंट घाईत करू देऊ नका. पाण्यातल्या जॉइंटमधून ओल गेली की नवी मोटरही वाचत नाही.

सोडल्यावर पाणी नेहमीपेक्षा कमी आलं तर मोटर उलटी फिरत असेल. मेन स्विच बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती सरळ फिरते. मग टंगटेस्टर लावून तिन्ही तारांचे अँपिअर आणि तिन्ही व्होल्टेज स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, तारीख टाकून. पुढं कधी शंका आली तर याच आकड्यांशी ताडून बघता येतं.

डीपी जळाली तर

डीपीला, डीओला, फ्यूजला आपण हात लावायचा नाही. वायरमन यायला उशीर होतोय म्हणून काठीनं डीओ पाडायला गेलेली माणसं आपल्याच भागात गेलीत. दहा हजारांची मोटर परत येते, माणूस येत नाही. स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग असलंच पाहिजे. पेटीपुढं कोरडी लाकडी फळी टाका. ओल्या अंगानं, अनवाणी बटन दाबू नका. पोरांना आणि बायामाणसांनाही हे सांगून ठेवा, कारण मोटर चालू-बंद करायला घरातलं कुणीही जातं.

जळालेली डीपी बदलून देणं ही वीज कंपनीची जबाबदारी आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमानं ग्रामीण भागात त्यासाठी ४८ तासांची मुदत आहे आणि उशीर झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. पण घड्याळ सुरू होतं ते तक्रारीपासून. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. महावितरणच्या १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या नंबरवर फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि ग्राहक क्रमांकासह एक अर्ज उपविभागात देऊन पोच घ्या. एकाऐवजी डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या असतील तर आणखी चांगलं.

कमी व्होल्टेजची तक्रारही अशीच करायची, पण पुराव्यासह. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मीटरचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख-वेळ त्यात येतेच. "लाइट कमी येते" म्हणण्यापेक्षा "सात दिवस संध्याकाळी सातला ३२० ते ३४० व्होल्ट" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं भाग पडतं.

सोलरवर गेलं तर?

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढं साडेसात एचपी मिळतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. दिवसा पाणी मिळतं, डीपीची आणि फेजची कटकट जाते. पण पाणी खाली गेल्यावर कोरडी चालण्याचा धोका तिथंही आहे, आणि ढगाळ दिवसात पाणी कमी येतं. खोल बोअर असेल तर किती फुटांवरून किती पाणी निघेल, हे पुरवठादाराला आधीच विचारून घ्या.

या आठवड्यात करण्यासारखं

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही. पण तीन कामं या आठवड्यात होऊ शकतात. मोटरीची पाटी बघून रिलेचा काटा त्या आकड्यावर आणा. तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर मोजून पेटीत लिहा. आणि डीपीवरच्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप करून टायमरचे नंबर ठरवा. कोणाचा फ्यूज उडाला, कुठला फेज गेला, हेही त्या ग्रुपवर लगेच टाकायचं, म्हणजे बाकीचे आपापली मोटर वेळेत बंद करतील. एका डीपीवर नऊ जण असले तर एकाच्या मेसेजनं उरलेल्या आठांच्या मोटरी वाचू शकतात.